मुक्या लेकरांसाठी शाळा उघडणारे बिशप लिओ म्यूरिन

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बालकाच्या कानांना व ओठांना स्पर्श करून प्रार्थना करतात. एफाथा या नावाने हा छोटासा विधी आपण ओळखतो. मार्ककृत शुभवर्तमानात प्रभू येशूने एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेऊन बरे केले, त्याची ती आठवण. पण ज्या बालकाचे कान पुढेही बंदच राहतात त्याचे काय? मुंबईतील या प्रश्नाचे पहिले संघटित उत्तर १८८५ साली एका जर्मन महागुरूंच्या हातून मिळाले. त्यांचे नाव बिशप लिओ म्यूरिन.

म्यूरिन यांचा जन्म २३ जानेवारी १८२५ रोजी बर्लिन येथे झाला. १८४८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १८५३ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १८५८ साली ते मुंबईस आले. हा काळ मुंबईच्या ख्रिस्तसभेसाठी मोठा ओढाताणीचा होता. पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांदा अशा दोन सत्तांखाली एकाच शहरातील भाविक विभागले गेले होते. शेजारच्या दोन चर्चमधील माणसांचे बिशप वेगवेगळे असत. १८६७ साली म्यूरिन यांची मुंबईचे व्हिकर अपोस्टॉलिक म्हणून नेमणूक झाली. या वादात ते रोमच्या बाजूने ठामपणे, कधी कधी कठोरपणेही उभे राहिले.

त्यांची कारकीर्द शिक्षणाच्या कामासाठी स्मरणात राहिली. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू झाले ते त्यांच्याच काळात. पहिल्या व्हॅटिकन महासभेस ते उपस्थित होते. १८७६ साली केरळातील सुरियानी ख्रिस्ती समाजाकडे रोमचे प्रतिनिधी म्हणून त्यांना जावे लागले. पारशी धर्माचाही त्यांनी अभ्यास केला व झरथुष्ट्र आणि ख्रिस्त या विषयावर लिखाण केले.

अशा व्यापातल्या महागुरूंनी मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा काढली. भारतातील या प्रकारची ही पहिली संघटित शाळा मानली जाते. मुख्याध्यापक म्हणून टी. ए. वॉल्श यांनी काम पाहिले. पुढे ही संस्था माझगावच्या नेस्बिट रोडवर नांदली.

हे काम किती अवघड होते हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण मुका म्हणतो त्याचा कंठ, जीभ, ओठ बहुधा धडधाकट असतात. त्याला बोलणे येत नाही, कारण त्याने बोलणे कधी ऐकलेलेच नसते. आपले मूल आईच्या मांडीवर ऐकता ऐकता भाषा शिकते. बहिऱ्या मुलाला तीच भाषा डोळ्यांनी आणि हातांनी शिकावी लागते. शिक्षक त्याचा हात आपल्या गळ्याला लावतात आणि कंप जाणवून देतात. ‘प’ म्हणताना गळ्यात कंप होत नाही, ‘ब’ म्हणताना होतो. ‘म’ म्हणताना तो नाकातही जाणवतो. ‘फ’चा श्वास मेणबत्तीची ज्योत हलवतो. पण दुरून केवळ ओठ पाहून हे कळत नाही. ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे शब्द आरशापुढे उभे राहून आवाज न करता उच्चारून पाहावेत: दोन्ही सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशापाशी होतात, ते दिसतच नाहीत. आपले ‘ळ’ आणि ‘ण’ही जिभेच्या वळणात लपलेले. एकेका शब्दासाठी महिने लागतात, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

ख्रिस्तसभेला हे काम अगदी नवे नव्हते. सोळाव्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाइन साधू पेद्रो पोन्से दे लेओन यांनी सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकविले. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या बहिऱ्या तरुणाला खुणांनी धर्मशिक्षण दिले; म्हणूनच ते बहिऱ्यांचे आश्रयदाते संत. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फादर द लेपे यांनी खुणांच्या भाषेतून शाळा चालविली. पण १८८० साली मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने बोलणे शिकविण्याच्या पद्धतीचा पुरस्कार करून खुणांना शाळेबाहेर काढले. मुंबईची शाळा त्यानंतर पाचच वर्षांनी उघडली. खुणांना बंदी घालणे ही मोठी चूक होती, असे आमचे मत आहे. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला, तोपर्यंत १३० वर्षे उलटली होती.

शाळेचा पल्लाही मर्यादित होता. सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील, महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावचे बहिरे मूल त्या काळी मुंबईस कसे पोहोचणार? बाणकोटहून आगबोट, मग शहरात आश्रय, मग फी. पक्षाघाताने वाचा गेलेल्या प्रौढांसाठी आणि तोतऱ्यांसाठी तर आपल्याकडे काहीच सोय नव्हती. मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा व श्रवण उपचारांचे शिक्षण १९६६ साली सुरू झाले आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली. आजही खेड्यातल्या आईबापांना मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही हे दिसते. उशिरा बोलेल, असे सांगून घरची वडीलधारी मंडळी धीर देतात आणि कान तपासावयाचे राहून जाते. ऐकण्याची तपासणी जन्मानंतर काही दिवसांतच होऊ शकते, हे धर्मग्रामातील प्रत्येक आईला ठाऊक हवे.

म्यूरिन यांचे चरित्र लिहिताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. उतारवयात, १८९३ साली, फ्रीमेसन पंथाविरुद्ध त्यांनी फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात ज्यू लोकांवर निराधार व विखारी आरोप केले. लिओ टॅक्सिल या लेखकाच्या थापांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. टॅक्सिलने १८९७ साली स्वतःच आपली फसवणूक कबूल केली, पण तेव्हा म्यूरिन हयात नव्हते. ज्यूद्वेष्ट्यांनी तो ग्रंथ पुढे वापरला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली ज्यूद्वेषाचा निषेध केला. मुक्या मुलांना वाचा देऊ पाहणाऱ्या हातानेच हेही लिहिले, हे आपण मान्य करावे.

१८८६ साली भारतात धर्मप्रांतांची नवी व्यवस्था झाली, मुंबईला आर्चबिशप मिळाले आणि म्यूरिन यांना मुंबई सोडावी लागली. १८८७ साली ते मॉरिशसमधील पोर्ट लुईचे बिशप झाले. कोकणातून मजुरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही त्या बेटावर राहत होती. तेथेच १ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुंबईची शाळा दहा वर्षांची झाली होती आणि कलकत्त्यात १८९३ साली मूकबधिरांची आणखी एक शाळा सुरू झालेली होती.