पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर

समाजाच्या इतिहासात काही पुरुष असे होऊन जातात की, त्यांचे नाव सर्वांच्या कानावर असते. परंतु त्यांनी नेमके काय केले, असे कोणी विचारले असता उत्तर देणारे थोडेच निघतात. गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक नाव होय. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांत सैन्यातून निवृत्त झालेले बांधव आहेत. वार्षिक मेळाव्यात आपण त्यांस शाल व श्रीफळ देऊन गौरवितो. परंतु पुढे वर्षभर त्यांस काही काम सांगत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका पेन्शनर हवालदाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

गोपाळबाबा हे महाडनजीकच्या रावढळ गावचे. ज्या काळी आपल्या समाजास गावच्या पाणवठ्यावर व देवळात मज्जाव होता, त्या काळी मुंबई इलाख्याच्या पलटणींत मात्र त्यास जागा होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत महार शिपायांनी जे शौर्य गाजविले, त्याची साक्ष तेथील विजयस्तंभ आजही देत आहे. पलटणीने या लोकांस केवळ बंदूक दिली असे नव्हे. पलटणीच्या शाळांतून शिपाई व त्यांची मुले लिहावयास वाचावयास शिकली. वक्तशीरपणा, टापटीप, हिशेब व लेखी अर्ज करण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवृत्तीनंतर त्यांस पेन्शन मिळू लागली. बलुत्यावर जगणाऱ्यास गावाविरुद्ध ब्र काढण्याची सोय नव्हती. पेन्शनराची भाकरी मात्र गावाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. आमच्या मते पुढील सर्व इतिहासाची किल्ली येथेच आहे.

१८८६ साली गोपाळबाबा हवालदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले व दापोलीस राहू लागले. दापोलीस पूर्वी लष्करी छावणी असल्याने तेथे पेन्शनरांची वस्ती वाढली होती. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ येथेच राहिले. अशा वस्तीत गोपाळबाबांनी उरलेले आयुष्य स्वस्थपणे घालविले असते, तर त्यांस कोणी नावे ठेवली नसती. परंतु महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. त्यांनी तलवारीच्या जागी लेखणी हाती घेतली. ‘दीनबंधू’सारख्या पत्रांतून ते अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडू लागले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. विटाळास आधार कोणता, माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो तो कसा, असे प्रश्न त्यांनी त्यातून सनातनी मंडळींस विचारले. शिव्याशाप देण्यापेक्षा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणे अधिक परिणामकारक असते, हे त्यांनी ओळखले होते.

एकट्याच्या लिहिण्याने समाज हलत नाही, हेही त्यांस ठाऊक होते. पलटण एका शिपायाने होत नाही. म्हणून १८९० च्या सुमारास त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली. ज्या शब्दाने आपल्या लोकांस हिणविले जाई, तोच शब्द त्यांनी संस्थेच्या नावात अग्रभागी ठेवला आणि विखुरलेल्या पेन्शनरांस व जातभाईंस एका कार्यासाठी एकत्र केले.

अशातच समाजावर मोठे संकट कोसळले. काही जातीच तेवढ्या लढाऊ, बाकीच्या नव्हेत, असे मत सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत सैन्यात बळावले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. या एका हुकुमाने नोकरीबरोबर शाळा, हुद्दा व पेन्शन या सर्वच वाटा बंद झाल्या. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या हुकुमाने स्वतः गोपाळबाबांचे काडीचेही नुकसान होत नव्हते. त्यांची पेन्शन चालूच राहणार होती. नुकसान होते ते जी मुले अद्याप लहान होती त्यांचे. त्या मुलांकरिता या वृद्ध हवालदाराने १८९४ साली सरकारास उद्देशून विस्तृत अर्ज तयार केला आणि आपल्या लोकांनी पूर्वी केलेल्या लष्करी सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी मांडली.

त्यांच्या हयातीत भरती काही खुली झाली नाही. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वरिष्ठ जातींच्या सभासदांस ते रुचले नाही व वर्तमानपत्रांतून मोठा वाद माजला. ज्याने सरकारी पलटणीत हवालदारी केली, त्याने बोर्डाच्या बैठकीत बसावे की नाही, यावर शहाण्यासुरत्यांनी वाद घालावा, हा त्या काळाचा महिमा होय. १९०० साली गोपाळबाबांचे देहावसान झाले.

परंतु अर्ज निष्फळ झाला म्हणून कार्य निष्फळ झाले असे मात्र नाही. तीच मागणी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली व युद्धानंतर मोडली गेली. अखेर १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. दरम्यान २० मार्च १९२७ रोजी गोपाळबाबांच्याच महाड तालुक्यात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जे बी दापोलीच्या पेन्शनरांनी पेरले, त्याचे पीक पुढच्या पिढ्यांच्या हाती आले.

आपल्या छत्रपती संभाजीनगरासही छावणी नवी नाही. याच शहरात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, आणि मराठवाड्यातील गोरगरिबांच्या मुलांस उच्च शिक्षणाचे दार उघडले. ज्ञान आहे, शिस्तही आहे. त्यांची सांगड मात्र घातली पाहिजे. आजचा जवान चाळिशीच्या आसपास, अंगात पुरेसे बळ असतानाच घरी परततो. नकाशा वाचणे, माणसे हाताळणे, सामानाचा चोख हिशेब ठेवणे हे सर्व त्यास येते. अशा माणसाने केवळ दारावर पहारा करावा, हे समाजास परवडणारे नाही.

तरी आमची सर्व सभासदांस नम्र सूचना अशी की, निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येक बांधवाकडे मंडळाने एक निश्चित काम सोपवावे. कोणी अभ्यासिका चालवावी. कोणी विधवांच्या व वृद्धांच्या पेन्शनीचे अर्ज भरून द्यावेत. कोणी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांस पहाटे मैदानावर न्यावे. कोणी ग्रामपंचायतीत उभे राहावे. आणि त्या बांधवांनीही हुद्दा लहान की मोठा याचा विचार करू नये. गोपाळबाबा सेनापती नव्हते, ते हवालदार होते. पलटणीने त्यांस निवृत्त केले. समाजाच्या सेवेतून मात्र ते अखेरपर्यंत निवृत्त झाले नाहीत. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.