एकाचे दोन दिसू लागले तेव्हा : जॉर्ज सिस्लर

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. त्यामुळे ब्रॅडमनचे आकडे मुखोद्गत असणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही जॉर्ज सिस्लर हे नाव परकेच वाटेल. अमेरिकेतील ओहायो राज्यात १८९३ साली जन्मलेला हा डावखुरा खेळाडू मिशिगन विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा पदवीधर. १९१५ मध्ये तो सेंट लुईस ब्राउन्स संघात आला, तो गोलंदाज म्हणून. वॉल्टर जॉन्सनसारख्या धुरंधर गोलंदाजाविरुद्धचा सामनाही त्याने जिंकला. पण त्याची फलंदाजी रोजच हवीशी वाटू लागली आणि त्याला फर्स्ट बेसवर उभे करण्यात आले.

या खेळात दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके मारणारा उत्तम फलंदाज समजतात. सिस्लरने १९२० च्या हंगामात २५७ फटके मारले. जपानच्या इचिरो सुझुकीने २००४ मध्ये मोडीपर्यंत तो विक्रम अबाधित होता. १९२२ मध्ये त्याची सरासरी .४२० होती, म्हणजे दहात चारांहून अधिक! त्याच सप्टेंबरात चेंडू घेताना त्याचा उजवा खांदा दुखावला. खांदा बांधून तो यँकीजविरुद्ध उतरला, लागोपाठ ४१ व्या सामन्यात फटका मारला. पण अजिंक्यपद अवघ्या एका सामन्याच्या फरकाने यँकीजकडे गेले.

खांदा बरा झाला. डोळ्यांचे मात्र तसे झाले नाही. सायनसच्या विकाराचा परिणाम दृष्टीवर होऊन त्याला एकाचे दोन दिसू लागले. सुमारे साठ फुटांवरून येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत हेरायचा, आणि दिसतात दोन! १९२३ चा सबंध हंगाम बुडाला. वय अवघे तीस.

१९२४ मध्ये तो परतला. खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेत. त्या वर्षीची सरासरी .३०५. पुढे बोस्टनकडून खेळताना छत्तिसाव्या वर्षी, १९२९ मध्ये, .३२६. दुसऱ्या कुणाची कारकीर्द एवढ्यावर गाजली असती. मला तर .४२० पेक्षा हे आकडेच मोठे वाटतात. सिस्लरला तसे कधी वाटले नाही. आपण पूर्वीचे राहिलो नाही, हे तो जाणून होता.

१९३० नंतर तो थांबला, १९३९ मध्ये कूपरस्टाउनच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. पुढे पिट्सबर्गमध्ये तो फलंदाजी शिकवू लागला. तेथे रॉबर्टो क्लेमेंटे नावाचा तरुण फटका मारताना डोके हलवीत असे. चेंडू नीट दिसायचा तर डोके स्थिर हवे, हे सिस्लरने त्याच्याकडून घोटून घेतले. क्लेमेंटे १९७२ च्या अखेरच्या दिवशी विमान अपघातात गेला. सिस्लर त्यानंतर तीन महिन्यांनी, मार्च १९७३ मध्ये.