सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे सागरप्रवास

महाराजा सयाजीराव गायकवाड, तिसरे (जन्म : ११ मार्च १८६३, कवळाणे, जि. नाशिक, मृत्यू : ६ फेब्रुवारी १९३९, मुंबई) हे बडोदे संस्थानाचे अधिपती होते. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय चळवळ आणि सामाजिक सुधारणांचे कायदे यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. आपल्या राजवटीत त्यांनी युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियाचे अनेक दीर्घ प्रवास केले. हे प्रवास आरंभी प्रकृतीसाठी आणि विश्रांतीसाठी होते. पुढे त्यांवरून संस्थानिकांच्या प्रवासस्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहिला आणि बडोद्याच्या अनेक सुधारणांची मुळेही याच प्रवासांत रुजली. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा परामर्श या प्रवासांच्या अनुषंगाने घेतला आहे.

पूर्वायुष्य

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाड व उमाबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. गायकवाड घराण्याची ही दूरची शाखा शेतीवर उपजीविका करीत असे. १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले. त्यानंतर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव या नावाने गादीवर आले. त्या वेळी त्यांचे वय बारा वर्षांचे होते.

तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली आणि एफ. ए. एच. इलियट या शिक्षकांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. खेड्यात वाढलेल्या मुलाला अल्पावधीत राज्यकर्ता घडविण्यासाठी दिवसाचा प्रत्येक तास ठरवून दिलेला असे. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. १८८५ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई (तंजावरच्या लक्ष्मीबाई) यांचे क्षयाने निधन झाले. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) या नावाने ओळखल्या जातात. कामाचा अखंड ताण आणि हे दुःख यांचा प्रकृतीवर परिणाम होऊन सयाजीरावांना निद्रानाशाने ग्रासले. हा विकार त्यांना पुढे आयुष्यभर त्रास देत राहिला.

पहिला सागरप्रवास

वैद्यांच्या सल्ल्यानुसार महाराजांनी १८८७ मध्ये महाराणींसह युरोपला जाण्याचे ठरविले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष होते. त्या काळी राजयक्ष्मा, अग्निमांद्य, निद्रानाश अशा विकारांवर समुद्राची हवा आणि डोंगराळ प्रदेशातील मुक्काम हा डॉक्टरांचा नेहमीचा उपाय असे. सागरप्रवास हीच विश्रांती मानण्याची प्रथाही युरोपात मूळ धरू लागली होती. १८४४ पासून पी. अँड ओ. कंपनी भूमध्यसमुद्रातील सहलींची तिकिटे विकत होती. जानेवारी १८९१ मध्ये हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे अल्बर्ट बालीन यांनी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही आगबोट केवळ सहलीसाठी भूमध्यसमुद्रात नेली. आजच्या क्रूझ पर्यटनाचा आरंभ बहुधा तेथून मानला जातो.

हिंदू समाजात मात्र समुद्रोल्लंघन निषिद्ध मानले जात होते. परदेशाहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, अन्यथा ज्ञातिबहिष्काराची भीती असे. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या त्याला अद्याप वर्षही झाले नव्हते. राज्यकर्त्याने सपत्नीक समुद्र ओलांडणे ही म्हणूनच लोकांच्या दृष्टीने लहान घटना नव्हती. महाराणी त्या काळी पडदा पाळीत असत, त्यामुळे त्यांच्या निवासाची व वावरण्याची व्यवस्था हाही तयारीचा भाग होता.

प्रवासाची आखणी

मुंबई–युरोप प्रवासाची आखणी ऋतुमानावर अवलंबून असे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असल्यामुळे युरोपला उन्हाळ्यात पोहोचू इच्छिणारे प्रवासी शक्यतो पावसाळ्यापूर्वीच मुंबई सोडीत. बडोद्याहून मुंबईपर्यंत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने आणि तेथून टपाल नेणाऱ्या आगबोटीने एडन, तांबडा समुद्र व सुएझ कालवा या मार्गे इटली किंवा फ्रान्सचे बंदर गाठले जाई. १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यामुळे हा प्रवास काही आठवड्यांवर आला होता. विजेचे झोतदिवे बसविलेल्या बोटींना १८८७ पासून रात्रीही कालव्यातून जाता येऊ लागले आणि वेळेची आणखी बचत झाली.

खोलीची निवड हा अनुभवी प्रवाशांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होता. युरोपकडे जाताना व येताना बोटीची कोणती बाजू उन्हाकडे राहील याचा विचार करून सावलीच्या बाजूची खोली मागितली जाई. तांबड्या समुद्रात उष्मा असह्य झाला की प्रवासी बिछाने डेकवर नेऊन झोपत. पोर्ट सैद येथे कोळसा भरताना खोल्यांची दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागत. एरवीचा दिवस डेकवरील फेरफटका, खेळ, वाचन आणि ठरलेल्या वेळी होणारी भोजने यांत जाई.

राजघराण्याच्या प्रवासात याखेरीज आचारी, सेवक, वैद्य, चिटणीस आणि सामानाच्या पेट्या यांची भर पडे. संस्थानिकांचे प्रवास इतके वाढले की थॉमस कुक कंपनीने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागच उघडला. धर्माचार सांभाळून प्रवास करण्याचे टोकाचे उदाहरण म्हणजे जयपूरचे महाराजा माधोसिंह (दुसरे). १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास जाताना त्यांनी ‘ऑलिंपिया’ ही संपूर्ण आगबोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड पात्रांतून गंगाजल बरोबर नेले. सयाजीरावांचा मार्ग निराळा होता. प्रवासात आपल्या चालीरीती किती पाळाव्यात यापेक्षा परक्यांच्या चालीरीतींतून काय घ्यावे, याकडे त्यांचे अधिक लक्ष असे.

प्रवासातील दिनक्रम

प्रवास विश्रांतीसाठी असला तरी महाराजांचा दिवस रिकामा नसे. वाचन हा त्यांचा मोठा आनंद होता. ते स्वतः वाचीत आणि इतरांकडून वाचून घेत. गिबनच्या रोमन साम्राज्यविषयक इतिहासाच्या अभ्यासातून त्यांनी केलेली टिपणे १८९६ मध्ये ‘फ्रॉम सीझर टू सुलतान’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. युरोपातील व भारतातील आपल्या दिनचर्येविषयी त्यांनी १९०१ मध्ये ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या इंग्रजी मासिकात लेख लिहिला.

संस्थानाचा दैनंदिन कारभार त्यांच्या अनुपस्थितीत दिवाण व मंडळ पाहत असे. महत्त्वाची प्रकरणे मात्र टपालाने किंवा तारेने त्यांच्याकडे जात आणि त्यांवर हुकूम होऊन परत येत. स्वित्झर्लंडमधील मुक्काम, फ्रान्समधील आरोग्यस्थाने आणि लंडन यांबरोबरच शाळा, संग्रहालये, कारखाने व ग्रंथालये पाहणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा नेहमीचा भाग होता.

कर्झनचे परिपत्रक

१९०० मध्ये महाराणींच्या प्रकृतीसाठी सयाजीराव युरोपात असताना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने संस्थानिकांच्या परदेशगमनाविषयी परिपत्रक काढले. संस्थानिकाचे स्थान आपल्या प्रजेत आहे, परदेशवारी हा अपवाद असावा आणि त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी, असा त्याचा आशय होता. परिपत्रकात कोणाचे नाव नसले तरी त्याचा रोख प्रामुख्याने सयाजीरावांवर आहे, असे त्या काळी मानले गेले.

सयाजीरावांना हे बंधन अपमानास्पद वाटले. आपल्या राज्यातील माणूस मोकळेपणाने परदेशी जाऊ शकतो, पण त्याच्या राज्यकर्त्याने आपल्या आजारासाठी किंवा पत्नीच्या उपचारांसाठी परवानगी मागावी आणि कारणे द्यावीत, यात त्यांना संस्थानाच्या करारांचा व व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भंग दिसला. त्यांनी आपला विरोध सरकारला कळविला आणि प्रवास सोडला नाही. १९०५ मध्ये ते पुन्हा युरोपला गेले आणि तेथून १९०६ मध्ये अमेरिकेस पोहोचले. कर्झन यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड मिंटो यांच्या काळात संस्थानांविषयीचे धोरण सौम्य झाले, तथापि सयाजीरावांविषयीचा संशय ओसरला नाही. परदेशातील भारतीय क्रांतिकारकांशी त्यांचा संपर्क असावा, या शंकेने त्यांच्या हालचालींवर नजर ठेवली जात असे. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांना त्यांनी केलेला मुजरा रीतसर नव्हता, यावरून मोठा गहजब झाला, त्यामागेही हीच पार्श्वभूमी होती.

१९१० चा जगप्रवास

१९१० मध्ये महाराजांनी नेहमीचा पश्चिमेचा मार्ग सोडून पूर्वेकडून प्रवास केला. चीन व जपान पाहून, प्रशांत महासागर ओलांडून ते अमेरिकेस आणि पुढे इंग्लंडला गेले. स्वतःच्या बळावर आधुनिक झालेला आशियाई देश म्हणून जपानविषयी भारतात त्या काळी मोठे कुतूहल होते. अमेरिकेत त्यांना सर्वाधिक आकर्षण वाटले ते सार्वजनिक ग्रंथालयांचे. न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास पाचारण केले. बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठविणारी फिरती ग्रंथालये यांची घडी बसविली. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू झाले होते. त्या शाळांतून वाचू लागलेल्या मुलांच्या हाती आता पुस्तके पोहोचली.

प्रवासांची फलश्रुती

प्रवासात मिळालेला अनुभव सयाजीरावांनी स्वतःपुरता ठेवला नाही. परदेशी जाणे हा शिक्षणाचा भाग आहे या विचाराने त्यांनी होतकरू तरुणांना साहाय्य केले. १८९३ मध्ये इंग्लंडहून परतलेले अरविंद घोष यांना त्यांनी लंडनमध्येच बडोद्याच्या सेवेत घेतले होते. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला गेले, तेव्हा त्यांनाही बडोद्याची मदत झाली. १९१३ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदे शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाने जालन्यासह मराठवाड्यातील वंचित घरांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्या अर्थाने या शिष्यवृत्तीचे फळ बडोद्याच्या सीमेपलीकडेही पोहोचले.

महाराणी चिमणाबाईंच्या जीवनातील बदल हा या प्रवासांचा आणखी एक परिणाम. १८८७ मध्ये पडद्यात राहून निघालेल्या महाराणींनी १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१४ मध्ये त्यांनी पडद्याचा जाहीर त्याग केला. १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. बडोद्याच्या चित्रसंग्रहालयातील युरोपीय चित्रेही याच संबंधांतून जमली.

टीका

सयाजीरावांच्या परदेशवाऱ्यांवर केवळ इंग्रज अधिकाऱ्यांनीच टीका केली असे नाही. दीर्घ अनुपस्थितीमुळे निर्णय लांबतात, अधिकारी शिरजोर होतात आणि प्रवासाचा भार अखेर रयतेवर पडतो, असे आक्षेप प्रजाजनांतूनही घेतले गेले. महाराज युरोपात निघाले त्याच वर्षी, १९०० मध्ये, गुजरातेत भीषण दुष्काळ होता, याकडेही टीकाकारांनी लक्ष वेधले. महाराजांनी दुष्काळग्रस्त भागांचा दौरा करून आपली निरीक्षणे १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवासांतून आलेल्या सुधारणांचे मोल मान्य करूनही हा आक्षेप सर्वस्वी निराधार ठरविता येत नाही. ज्या विश्रांतीसाठी प्रवास सुरू झाले ती पूर्णपणे कधी लाभली, असेही दिसत नाही.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात महाराजांवर कौटुंबिक आघात झाले. ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये निवर्तले. तरीही प्रवास थांबला नाही. १९३० मध्ये ते लंडनच्या गोलमेज परिषदेस उपस्थित होते. १९३३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी भाग घेतला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, तो सामनाही त्यांनी पाहिला. १९३८ मध्ये युरोपात असताना त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना भारतात आणण्यात आले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. कवळाण्याच्या ज्या मुलाने बाराव्या वर्षापर्यंत शाळा पाहिली नव्हती, त्याची त्रेसष्ट वर्षांची राजवट बडोद्याच्या शाळा आणि ग्रंथालयांच्या रूपाने स्मरणात राहिली.