गास्पार मोंज

गास्पार मोंज यांचा जन्म ९ मे १७४६ रोजी फ्रान्समधील बोन या गावी झाला. वडील फेरीवाले. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात विद्यार्थी म्हणून प्रवेश कुलीनांनाच असे. गणितात निष्णात असूनही मोंज यांच्या वाट्याला तेथे नकाशे रेखाटण्याचे काम आले. ही व्यवस्था आपल्या वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही.

शत्रूच्या माऱ्यापासून आड राहील असा किल्ला आखण्यासाठी तेव्हा प्रदीर्घ आकडेमोड करीत. मोंज यांनी तो प्रश्न रेखाटनाने सोडविला. इतक्या लवकर उत्तर येणे शक्यच नाही, म्हणून अधिकारी ते तपासावयासही प्रथम तयार होईनात. अचूक ठरल्यावर मात्र ती पद्धत लष्करी गुपित झाली.

१७९५ साली पॅरिसला भावी शिक्षकांपुढे त्यांनी ती खुली केली. आरंभीचा प्रश्न साधा होता : अवकाशातील बिंदूचे स्थान कसे निश्चित करावे? ज्ञात बिंदूपासून ठरावीक अंतरावरील बिंदूंचा बिंदुपथ कागदावर वर्तुळ असतो. अवकाशात तो गोलाचा पृष्ठभाग होतो. दुसऱ्या बिंदूपासूनचेही अंतर कळले की दोन गोल एकमेकांस वर्तुळात छेदतात. (साबणाचे चिकटलेले दोन फुगे पाहिलेल्या मुलास हे वर्तुळ ठाऊक असते, फळ्यावर ते दाखविणे कठीण.) त्या दोहोंच्या रेषेत नसलेल्या तिसऱ्या बिंदूपासूनचे अंतर मिळताच फार तर दोन बिंदू उरतात.

राजेशाही परतल्यावर, १८१६ मध्ये, क्रांतीच्या व नेपोलियनच्या या समर्थकास फ्रान्सच्या विद्वत्संस्थेतून काढण्यात आले. २८ जुलै १८१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या एकोल पोलितेक्निकमधील विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची मनाई होती. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या कबरीपाशी जमले.