आनंदीबाईंचे तीन वाढदिवस

गेल्या रोवणीच्या दिवसांत मला एकोणीस वर्षे पूर्ण झाली. आमच्या घरी वाढदिवस करण्याची रीत नाही. आई-बाबा दोघेही तेव्हा दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे असतात. वाढदिवस करायचा कोणी आणि कधी? यंदा मात्र वर्गमैत्रिणींनी हट्टच धरला. जवाहरनगरच्या चौकातून आलुबोंडे आणले, वहीच्या पुठ्ठ्यावर मांडले, एका बोंड्यात मेणबत्ती खोवली आणि मला फुंकर मारायला लावली. हसून हसून पुरेवाट झाली! संध्याकाळी एस. टी. ने घरी पोहोचले, तर ओसरीवर आत्याबाई बसलेल्या. माझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या होत्या. मुलगी एकोणीस वर्षांची झाली, आता आणखी शिकून काय करायचे आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. बाबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळ तयार नव्हते.

त्याच आठवड्यात मी ग्रंथालयातून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आणले होते. शाळेत त्या मला एका ओळीपुरत्याच भेटल्या होत्या. आता वाचताना माझे लक्ष राहून राहून तारखांकडे जाऊ लागले. जन्म ३१ मार्च १८६५. म्हणजे त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण झाली ती ३१ मार्च १८८४ रोजी, आणि तेव्हा त्या होत्या अमेरिकेत, फिलाडेल्फियाला, डॉक्टरीच्या पहिल्या वर्षात! मी पुस्तक मिटून क्षणभर तशीच बसले.

माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. चौदाव्या वर्षी मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर नाही, हे दुःख आनंदीबाईंना पुस्तकातून कळले नव्हते.

गोपाळरावांविषयी काय लिहावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बायकोला शिकवायचेच, या एका ध्यासापायी त्यांनी बदल्या घेतल्या, लोकांची निंदा सोसली. हे खरेच. पण लहान वयात त्यांनी तिला मारझोड केली, अंगावर खुर्च्या-पुस्तके फेकली, हेही तितकेच खरे. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना पत्र लिहून हे सारे स्पष्टपणे त्यांच्यापुढे मांडले. आपली पुस्तके पहिली गोष्ट ठळक छापतात आणि दुसरी गाळतात. मला वाटते, ते पत्र लिहायला समुद्र ओलांडण्याइतकेच धैर्य लागले असेल.

अमेरिकेची वाट उघडली ती मोठ्या गमतीने. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापुरातून एका मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. त्याने धर्मांतराचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि न पाहिलेल्या दोन बायकांचा स्नेह जुळला. एक घरसंसारातली प्रौढ बाई आणि एक पंधरा वर्षांची मुलगी! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

अठरावा वाढदिवस निघण्याच्या गडबडीत गेला, कारण ७ एप्रिल १८८३ ला त्यांनी कलकत्त्याहून बोट धरली. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि उन्हाळा मावशीच्या घरी राहिल्या. तिथे त्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून मंडळींना जेवू घातले. मग ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झाले. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. प्राचार्या रेचेल बॉडली यांनी आईसारखी काळजी घेतली. पण थंडी काही कोणाच्या मायेने कमी होत नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खाणे मात्र शेवटपर्यंत शाकाहारीच ठेवले. मला इथे माझी पहाटेची एस. टी. आणि थंडीतला फाटका स्वेटर आठवला, आणि आठवल्याची लाजही वाटली.

तिथले त्यांचे एक छायाचित्र आहे, १० ऑक्टोबर १८८५ चे. जपानची केई ओकामी, दमास्कसची साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. तीन देश, तीन भाषा, तीन धर्म, आणि शिकायचा विषय एक. ते चित्र मी मैत्रिणींना दाखवले. एकीने विचारले, या तिघी एकत्र जेवत असतील काय? आमचे आलुबोंडे आठवून पुन्हा सगळ्या हसलो.

परदेशात आनंदीबाईंचे तीन वाढदिवस गेले. त्यांतला तिसरा सर्वांत सुखाचा म्हटला पाहिजे. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली, आणि वीस दिवसांनी एकविसावे वर्ष पूर्ण झाले. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत पोहोचले होते. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची जागाही ठरली होती.

त्या जागेवर त्या कधी बसल्याच नाहीत. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस तेहतीस दिवसांवर होता. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली; न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतल्या जागेत ती पुरली आहे.

हे सर्व मी आईला एका रात्री चुलीजवळ बसून सांगितले. स्थळाला आमचा निरोप अजून गेलेला नव्हता. आई भात उतरवत ऐकत होती. ना तिने डॉलरविषयी विचारले, ना पदवीविषयी. एवढ्या दूर, वाढदिवसाला त्या पोरीला ओवाळायला कोण होते, एवढेच तिने विचारले. मावशी होती, असे मी सांगितले. आईने मान हलवली आणि परीक्षेची फी कधी भरायची आहे ते विचारले.