लोकभाषेचा व्याकरणकार नेब्रिहा

स्पेनच्या दक्षिणेस, सेव्हिल नगराजवळील लेब्रिहा गावी पंधराव्या शतकात अंतोनिओ दे नेब्रिहा जन्मला. सालामांका येथे शिकून तो इटलीतील बोलोन्या नगरीस गेला व लॅटिन विद्येत पारंगत होऊन परतला. सालामांकाच्या विद्यापीठात अध्यापन करीत असता १४८१ साली त्याने लॅटिनचे पाठ्यपुस्तक छापविले. पुढे घरोघरी बोलल्या जाणाऱ्या कास्तिलियन भाषेचे व्याकरण त्याने रचिले. त्याचा नमुना पाहून, याचा उपयोग काय, असे खुद्द राणी इसाबेलाने विचारले! तरीही १४९२ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. नियमबद्ध झालेली भाषा काळापुढे टिकते, हा त्याचा विश्वास होता. उत्तरायुष्यात सालामांका सुटले. अल्काला दे एनारेसच्या नव्या विद्यापीठाने त्यास सन्मानाने ठेविले. तेथेच १५२२ साली तो निवर्तला. मातृभाषेतून शिकणाऱ्या आम्हांस राणीचा तो प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो. म्हणूनच नेब्रिहा आम्हांस परका वाटत नाही.