ज्या लेखकाची पुस्तकं नष्ट केली गेली, त्यानेच चीनला कपड्यांचा इतिहास दिला

समजा, एका नाटकासाठी चीनमधल्या तांग राजवटीतल्या बाईचा पोशाख शिवायचा आहे. म्हणजे साधारण बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा. रेशीम आणून ठेवलंय, शिवणाराही तयार आहे. पण बाही किती रुंद ठेवायची? घागऱ्याचा बंद कमरेवर बांधायचा की छातीच्या वर? केसात काय माळायचं?

सोपा मार्ग म्हणजे त्या काळातलं चित्र बघायचं. पण ते चित्र खरंच त्या काळातलं आहे, की दोनशे वर्षांनी कुणी काढलेली नक्कल आहे? दुसरा मार्ग पेकिंग ऑपेराचा. पण तिथे गोष्ट हान काळातली असो की सोंग काळातली, पात्रांचे कपडे बरेचसे मिंग काळाच्या धाटणीचे असतात. तिसरा मार्ग जुन्या ग्रंथांचा. त्यात दरबारी पोशाखांची नावं ढिगाने सापडतात, पण नुसतं नाव वाचून कापडाला कात्री कशी लावणार?

अशा पेचात सापडलेले चिनी वेशभूषाकार गेली चाळीसहून अधिक वर्षं एका जाडजूड ग्रंथाकडे वळत आले आहेत. चीनच्या प्राचीन वेशभूषेचा अभ्यास, असं त्याच्या नावाचं भाषांतर होईल. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्याचं नाव शेन त्सोंगवेन.

गंमत म्हणजे हे गृहस्थ मुळात इतिहासकार नव्हते. त्यांच्याकडे कुठल्या विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते होते कादंबरीकार, आणि तेही चीनमधल्या नामवंतांपैकी एक. मग कादंबऱ्या सोडून ते कपड्यांकडे कसे वळले? खरं सांगायचं तर ते वळले नाहीत, त्यांच्यावर ती वेळ आली.

शाळा सोडून सैन्यात

शेन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०२ रोजी हुनान प्रांताच्या पश्चिम टोकाला, फंगह्वांग नावाच्या डोंगराळ गावात झाला. घराणं लष्करी पेशातलं. आजी म्याओ या आदिवासी समाजातली, आई तुज्या समाजातली. त्यामुळे डोंगरातल्या बायकांचं भरतकाम, निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड, चांदीचे दागिने हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी घराच्या आसपास पाहिलेलं होतं.

प्राथमिक शाळेपुढे शिक्षण झालं नाही. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ते स्थानिक सैन्यात दाखल झाले. अक्षर चांगलं म्हणून कारकुनी मिळाली. पुढे त्या भागातल्या सेनापतीने आपल्याकडची जुनी पुस्तकं, चित्रं आणि काशाची भांडी सांभाळायचं, त्यांच्या नोंदी ठेवायचं काम या पोराला दिलं. जुन्या वस्तूंशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, छावणीत.

१९२३ च्या सुमारास ते बीजिंगला आले. विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा ते बीजिंग विद्यापीठाच्या वर्गांत मागे बसून व्याख्यानं ऐकत. गारठलेल्या खोलीत, अनेकदा अर्धपोटी राहून लिहीत. हळूहळू गोष्टी छापून येऊ लागल्या. कवी शू चिमो यांनी त्यांना उचलून धरलं. १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर चीनला गेले तेव्हा त्यांचे दुभाषी होते तेच हे शू चिमो.

१९२९ मध्ये तर पदवी नसलेल्या या माणसाला विचारवंत हू शी यांनी शांघायजवळच्या एका महाविद्यालयात थेट शिकवायला घेतलं. तिथेच शेन आपल्या एका विद्यार्थिनीच्या, चांग चाओहे यांच्या प्रेमात पडले आणि त्यांना पत्रांवर पत्रं लिहू लागले. वैतागून त्या पत्रांचा गठ्ठा घेऊन हू शींकडे तक्रार करायला गेल्या. पण शेन चिकाटी सोडणारे नव्हते. १९३३ मध्ये दोघांचं लग्न झालं.

पुढच्याच वर्षी त्यांची सर्वांत गाजलेली छोटी कादंबरी आली. नदीकाठच्या सीमेवरच्या गावात नाव वल्हवणारा म्हातारा आणि त्याची नात यांच्याभोवती लिहिलेली. शेन यांच्या लेखनात क्रांतीच्या घोषणा नव्हत्या. नावाडी, सैनिक, शेतकरी, गावातल्या पोरी यांचं जगणं होतं. पुढे हेच त्यांना महागात पडलं.

लेखणी थांबली

१९४८ मध्ये साम्यवादी पक्षाचा विजय जवळ आला होता. त्या वेळी नामांकित साहित्यिक क्वो मोरुओ यांनी एका लेखात शेन यांच्यावर कडाडून हल्ला चढवला. त्यांना प्रतिगामी ठरवलं, त्यांच्या लेखनाला कामुक म्हटलं. १९४९ च्या सुरुवातीला हाच मजकूर बीजिंग विद्यापीठाच्या आवारात भिंतीवर लागला. शेन तिथेच प्राध्यापक होते.

नव्या राजवटीत आपल्याला जागा नाही, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली. मार्च १९४९ मध्ये त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. वेळीच लक्षात आल्यामुळे ते वाचले. सावरल्यावर त्यांची बदली झाली ती राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात. १९५३ मध्ये प्रकाशकाने कळवलं की त्यांची पुस्तकं आता कालबाह्य झाली आहेत, उरलेल्या प्रती आणि छपाईचे साचे नष्ट केले आहेत. तिकडे तैवाननेही त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली, कारण ते चीनमध्येच राहिले होते. दोन्हीकडून दार बंद.

संग्रहालयातला कारकून

संग्रहालय तेव्हा राजवाड्याच्या दक्षिण दरवाजाच्या वास्तूत होतं. शेन यांचं काम वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचं, नोंदी करायचं आणि येणाऱ्या लोकांना दालनं दाखवायचं. हिवाळ्यात ते दार उघडायच्या आधीच पोहोचत आणि हात गरम ठेवायला भाजलेलं रताळं धरून उभे राहत.

कधीकाळी देशभर नाव असलेला लेखक आता शाळेच्या मुलांना मातीची भांडी समजावून सांगतोय, हे त्यांच्या मित्रांना बघवत नसे. पण शेन यांनी त्या कामात जीव ओतला. रेशीम, आरसे, लाखेची भांडी, चिनी माती, खोगिरं अशा हजारो वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्या. नाटक आणि कलाक्षेत्रातली मंडळी, कापड गिरण्यांचे नक्षीकार त्यांना विचारायला येत. ते मोकळेपणाने सगळं सांगत.

१९५३ मध्ये कोरियाच्या युद्धावरून परतलेला एक तरुण सैनिक संग्रहालय बघायला आला. शेन यांनी त्याला दिवसेंदिवस दालनं फिरवून दाखवली. त्या तरुणाचं नाव वांग शू. तो पुढे चीनमधला प्राचीन कापडाचा मोठा तज्ज्ञ झाला, आणि शेन यांचा उजवा हातही.

चित्र खरं की कपडे खरे?

शेन यांची पद्धत सांगायला सोपी, पाळायला अवघड. ग्रंथात काय लिहिलंय ते वाचायचं, पण तिथे थांबायचं नाही. थडग्यांतल्या मूर्ती, भित्तिचित्रं, विटांवरची चित्रं, प्रत्यक्ष कापडाचे तुकडे हे सगळं शेजारी ठेवायचं. तिन्ही-चारही पुरावे जुळले तरच म्हणायचं की हो, असं होतं.

नुसत्या शब्दांवर विसंबलं की काय होतं याचं उदाहरण दहाव्या शतकातच आहे. नी छोंगयी नावाच्या पंडिताने प्राचीन विधींतल्या पोशाखांची आणि भांड्यांची चित्रं ग्रंथातली वर्णनं वाचून तयार केली. पुढे शेकडो वर्षं लोक ती प्रमाण मानत आले. जमिनीतून खऱ्या वस्तू निघाल्यावर कळलं की त्यातली बरीच चित्रं निव्वळ कल्पना होती.

चित्रांच्या बाबतीतही तेच. हान शीझाय नावाच्या अधिकाऱ्याकडची रात्रीची मैफल दाखवणारं एक जगप्रसिद्ध चित्र आहे. ते दक्षिण तांग राज्यातल्या चित्रकाराचं मानलं जातं. शेन यांनी चेहरे सोडून कपडे बघितले. चित्रातले बरेच पुरुष हिरव्या झग्यात आहेत. सोंग राजवटीने ९७५ मध्ये दक्षिण तांग जिंकल्यावर शरण आलेल्या अधिकाऱ्यांना, हुद्दा कुठलाही असो, हिरवाच रंग घालायचा हुकूम होता. शिवाय उभ्या माणसांनी हात छातीशी विशिष्ट पद्धतीने जुळवले आहेत, ती सोंग काळातली आदर दाखवायची रीत. म्हणजे हे चित्र राज्य गेल्यानंतरचं असावं, असं त्यांचं म्हणणं.

तांग काळातलं म्हणून ओळखलं जाणारं आणखी एक चित्र आहे, केसात मोठाली फुलं माळलेल्या दरबारी स्त्रियांचं. तिथे त्यांनी फुलं, दागिने आणि झिरझिरीत कपडे यांचा एकमेकांशी मेळ बसतो का ते तपासलं आणि त्यातल्या विसंगतीवर बोट ठेवलं. त्यांची सगळीच मतं सर्वांना पटली असं नाही, वाद आजही होतात. पण कपड्यांवरून चित्राचा काळ तपासता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९६१ मध्ये तर त्यांनी दाढी-मिशांवर लेख लिहिला. जुन्या काळी सगळे चिनी पुरुष दाढी राखायचे, हा समज त्यांनी मूर्ती आणि चित्रांचे दाखले देत मोडून काढला.

पंतप्रधानांची सूचना, आणि नंतरचं वादळ

परदेशी पाहुण्यांना भेट देता येईल असा चिनी वेशभूषेवरचा ग्रंथ आपल्याकडे आहे का, अशी विचारणा पंतप्रधान चौ एन लाय यांनी १९६३ च्या अखेरीस केली. संस्कृती खात्याकडून शेन यांचं नाव पुढे आलं. १९६४ मध्ये काम सुरू झालं आणि सुमारे आठ महिन्यांत २०० चित्रपत्रं व त्यांवरचा मजकूर तयार झाला. प्रस्तावना लिहिली कुणी? क्वो मोरुओ यांनी. ज्यांच्या लेखामुळे शेन यांची लेखणी थांबली, त्यांनीच.

पण पुस्तक छापलं जाण्याआधीच हवा बदलली. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. राजे, सरदार आणि सुंदर स्त्रियांचे कपडे दाखवणारं पुस्तक म्हणजे विषारी तण, असा शिक्का बसला. शेन यांच्या घरावर आठ वेळा धाड पडली. वर्षानुवर्षं जमवलेले कागद रद्दीत गेले. संग्रहालयात त्यांना स्वच्छतागृहं साफ करायला लावली. तेही त्यांनी मन लावून केलं.

१९६९ च्या अखेरीस त्यांना हूपेई प्रांतातल्या खेड्यात श्रमछावणीत पाठवलं. वय ६७ च्या घरात, रक्तदाब वाढलेला. काम काय, तर भाजीच्या वाफ्यात डुकरं घुसू नयेत म्हणून राखण करायची. खोली ओल धरलेली. जवळ ना पुस्तकं, ना चित्रं. तरी ते आठवणीतून आपल्या पुस्तकातल्या एकेका चित्रावर टिपणं काढत राहिले. कुठे चूक राहिली, कुठे कोणता पुरावा जोडायला हवा.

१९७२ मध्ये ते बीजिंगला परतले. राहायला एक छोटी खोली. पत्नीला मिळालेली जागा थोड्या अंतरावर. शेन रोज टोपली घेऊन तिकडे जेवायला जात, पुढच्या वेळचं जेवण घेऊन परत येत आणि कामाला बसत. भिंतीवर, पलंगावर, टेबलाखाली सगळीकडे चित्रांच्या प्रती आणि चिठ्ठ्या.

याच वर्षी हुनानमध्ये मावांगत्वी इथे हान काळातलं थडगं उघडलं गेलं. त्यात तलम रेशमाचा एक अख्खा झगा मिळाला, वजन फक्त ४९ ग्रॅम. १९७४ मध्ये छिन सम्राटाची मातीची फौज सापडली. त्या सैनिकांच्या केसांच्या गाठी, चिलखतं, पादत्राणं हे सगळं नवं होतं. हस्तलिखितात भर पडत गेली.

सतरा वर्षांनी

१९७८ मध्ये शेन यांची बदली सामाजिक शास्त्र अकादमीत झाली आणि पहिल्यांदाच त्यांना हक्काचे मदतनीस मिळाले. त्यांत वांग शू होते आणि वांग यारोंग या अभ्यासिकाही. सप्टेंबर १९८१ मध्ये हाँगकाँगमधून ग्रंथ प्रसिद्ध झाला. शांग काळापासून छिंग काळापर्यंत तीन हजारांहून अधिक वर्षं, सुमारे ७०० चित्रं. सुरुवातीला प्रस्तावना तीच, क्वो मोरुओ यांची.

या ग्रंथात सम्राट आहेतच. पण शेतकरी, सैनिक, गाडीवान, नाचगाणं करणाऱ्या बाया, सीमेवरच्या जमाती यांचे कपडेही तितक्याच बारकाईने पाहिले आहेत. कादंबऱ्यांमधली साधी माणसं शेन यांनी सोडली नव्हती, ती इथे दुसऱ्या वाटेने आली होती.

१९८२ च्या सुरुवातीला हूपेईत माशान इथे सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात रेशमी, भरतकाम केलेले कपडे मिळाले. ऐंशीला टेकलेले शेन ते बघायला स्वतः गेले. आपल्या पुस्तकात काय बदलावं लागेल, याचा विचार तिथेच सुरू झाला होता. १० मे १९८८ रोजी बीजिंगमध्ये त्यांचं निधन झालं. आणखी काही महिने जगले असते तर त्या वर्षीचं साहित्याचं नोबेल बहुधा त्यांनाच मिळालं असतं, असं निवड करणाऱ्या स्वीडिश अकादमीचे सदस्य योरान माल्मक्विस्ट यांनी पुढे सांगितलं. ते पारितोषिक हयात व्यक्तीलाच देतात.

सुधारित आणि वाढीव आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्यांच्या अस्थी फंगह्वांगला नेल्या. काही गावाच्या नदीत सोडल्या, काही टेकडीवर पुरल्या.

आज चीनमध्ये हजारो तरुण जुन्या धाटणीचे कपडे शिवून घालतात, ऐतिहासिक मालिकांचे वेशभूषाकार एकेका बाहीवरून वाद घालतात. सुरुवातीच्या त्या तांग काळातल्या पोशाखाचं उत्तरही याच वाटेने मिळतं. चित्रावर राजवटीचं नाव लिहिलंय म्हणून ते तसंच उचलायचं नाही. त्या काळाच्या थडग्यातली मातीची बाहुली शोधायची, भित्तिचित्र बघायचं, कापडाचा तुकडा मिळाला तर त्याचा पन्हा मोजायचा आणि मगच कात्री हातात घ्यायची.